उपासनेनंतर फाटकापाशी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चर्चमधली रविवारची उपासना संपली की मी फाटकापाशी उभा राहतो. हात मिळवता मिळवता लोक हळूच प्रश्न सरकवतात. काही जण दानाच्या थैलीत नोटेबरोबर चिठ्ठी टाकतात, तरुण मुलं रात्री साडेअकराला व्हॉट्सॲप करतात. पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न इथे एकत्र केले आहेत आणि भाषा बऱ्यापैकी विचारणाऱ्यांचीच ठेवली आहे. उत्तरं एका पाळकाची आहेत. मी सीएनआयचा, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचा. दुसऱ्या पंथाचे पाळक काही ठिकाणी वेगळं सांगतील. त्यांच्याशी भांडायला माझा कागद नेऊ नका.

१. आम्ही ख्रिस्ती नाही. रविवारी नुसतं येऊन बसलं तर चालेल का?

चालेल. कोणी जात-धर्म विचारणार नाही, नाव विचारलं तर ते कौतुकानं. लोक उभे राहिले की उभे राहा. नाही राहिलात तरी काही बिघडत नाही. दानाची थैली समोर आली की पुढच्याकडे द्या, पाहुण्यांनी त्यात काही टाकावं अशी अपेक्षा नसते. प्रभुभोजनाबद्दल, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या विधीबद्दल, प्रश्न ७ पाहा.

उपासनेनंतर चहा असतो. तो घ्यायचा की नाही, हा पुण्यात एके काळी फार मोठा प्रश्न होता. १८९० मध्ये गुरुवार पेठेतल्या पंचहौद मिशनमध्ये शहरातली बडी मंडळी एका कार्यक्रमाला गेली. त्यांच्यात लोकमान्य टिळक होते, न्यायमूर्ती रानडे होते. समोर चहा-बिस्किटं आली. पुढे उपस्थितांची यादी वर्तमानपत्रात छापून आली, ग्रामण्य झालं, म्हणजे ख्रिस्त्यांकडचं घेतलं म्हणून जातीच्या बहिष्काराचा वाद पेटला, प्रकरण शंकराचार्यांपर्यंत पोचलं आणि रानड्यांना प्रायश्चित्त घ्यावं लागलं. आमचा चहा तेवढा महाग नाही. साखर मात्र जास्त असते.

२. पुण्यात एवढी वेगवेगळी चर्च का? आणि लाल देऊळ तुमचंच ना?

लाल देऊळ आमचं नाही. कॅम्पातली ती लाल विटांची, उंच मनोऱ्याची इमारत ज्यू बांधवांचं सिनेगॉग आहे. डेव्हिड ससून यांनी बांधायला घेतलेलं ते काम १८६७ मध्ये पुरं झालं. मनोऱ्यामुळे फसगत होते. रिक्षावाल्याला चर्चचा पत्ता सांगितला आणि त्यानं पाहुण्यांना तिथे नेऊन सोडलं, असं आमच्याकडच्या लग्नात दोनदा झालंय.

बाकी चर्चचं म्हणाल, तर नाना पेठेतलं सिटी चर्च आणि कॅम्पातलं सेंट पॅट्रिक्स कॅथेड्रल ही रोमन कॅथलिक. अँग्लिकन, प्रेस्बिटेरियन, काँग्रिगेशनल, बॅप्टिस्ट, ब्रदरन अशा अनेक प्रवाहांतले लोक २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात एकत्र आले, ती आमची सीएनआय. पंचहौदचं पवित्र नाम देवालय आमच्यातलंच. याशिवाय मेथडिस्ट आहेत, केरळची सिरियन परंपरा आहे, पेंटेकॉस्टल मंडळ्या आहेत. भांडणं झाली म्हणूनही चर्च वाढली, हे कबूल करायला हवं.

एक शब्द मात्र नीट वापरा. ‘मंडळी’ म्हणजे माणसं. इमारतीला उपासनामंदिर म्हणा, देवालय म्हणा, चर्च म्हणा. गळतं ते छप्पर चर्चचं, रुसतात ती माणसं मंडळीतली.

३. ऑफिसात म्हणतात, ‘तुम्ही इंग्रजांचा धर्म घेतलात.’ काय सांगू?

तारखा सांगा. पुणे इंग्रजांच्या हाती गेलं १८१८ च्या सुमारास. सिटी चर्चची जागा दिली सवाई माधवराव पेशव्यांनी, १७९२ मध्ये, आपल्या फौजेतल्या ख्रिस्ती शिपायांना प्रार्थनेसाठी. फादर स्टीफन्स यांचं क्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापलं गेलं. ते मराठी ओव्यांत आहे, आणि शिवाजी महाराजांचा जन्म त्याच्यानंतरचा. स्टीफन्स जन्मानं इंग्रज होते हे खरं, पण राज्य करायला नव्हते आले.

आणि रेव्हरंड टिळक. लोकमान्य नव्हेत, नारायण वामन. १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो, असं ते सांगत. दर रविवारी टाळ-पेटीवर आपण जी गीतं म्हणतो त्यांतली किती तरी त्यांची. चाल ऐका, ती लंडनची वाटते का?

एवढं सांगून झालं की थांबा. वादात जिंकलेला माणूस जेवणाच्या सुट्टीत एकटा बसतो.

४. आत्मिक संजीवन म्हणजे नेमकं काय? सगळे हा शब्द वापरतात, अर्थ कोणी सांगत नाही.

मेलेल्यात पुन्हा जीव येणं. बायबलात यहेज्केल संदेष्ट्याच्या पुस्तकाच्या ३७व्या अध्यायात वाळलेल्या हाडांनी भरलेलं खोरं आहे. तिथला क्रम पाहा: आधी हाडं जुळतात, मग स्नायू येतात, मांस चढतं, कातडी येते, आणि तरीही ती प्रेतंच असतात. श्वास सगळ्यात शेवटी येतो. आमच्या बऱ्याच मंडळ्या कातडीपर्यंत पोचलेल्या आहेत. कमिटी आहे, गायकवर्ग आहे, नवीन साउंड सिस्टिम आहे. श्वास आपल्या हातात नाही. तो मागायचा असतो आणि वाट पाहायची असते.

आपल्या जिल्ह्यातलंच उदाहरण आहे. केडगावला पंडिता रमाबाईंनी निराधार बायका-मुलींसाठी उभारलेल्या मुक्ती मिशनमध्ये १९०५ साली मोठं संजीवन झालं. एका मुलीभोवती ज्वाळा दिसल्या म्हणून दुसरी पाण्याची बादली घेऊन धावली, ही त्या वेळची आठवण प्रत्येक प्रवचनकाराला पाठ आहे. मीही वर्षानुवर्षं सांगितली. पण ही गोष्ट जूनच्या अखेरची. आदल्या वर्षी वेल्समध्ये जागृती झाल्याची बातमी आली होती आणि पंडिता रमाबाईंनी जानेवारीपासूनच मुलींना रोज प्रार्थनेला बसवलं होतं. सुरुवातीला सत्तरेक जणी होत्या, जूनपर्यंत रोज दोनदा जमणाऱ्यांची संख्या ५५० च्या घरात गेली. म्हणजे सहा महिने काहीही न दिसता त्या बसत होत्या. त्यांतल्या कित्येक दुष्काळातून वाचवून आणलेल्या, कित्येक बालविधवा.

त्यानंतरचं तर त्याहून कमी सांगितलं जातं. रडणं झालं, पापाची कबुली झाली, आणि मग कामं चालू राहिली. रमाबाई हिब्रू आणि ग्रीक भाषांवरून सोप्या मराठीत बायबल उतरवत राहिल्या, थेट १९२२ मध्ये डोळे मिटेपर्यंत. ते छापून पुरं झालं १९२४ मध्ये, आणि छपाईचे खिळे जुळवले मुक्तीतल्याच बायकांनी. ज्या हातांनी बादली उचलली तसल्याच हातांनी वर्षानुवर्षं शिशाची अक्षरं एकेक करून लावली. संजीवन म्हटलं की माझ्या डोळ्यांसमोर हल्ली बादली येत नाही, तो खिळ्यांचा खण येतो.

५. दर वर्षी संजीवन सभा होतात. मंडपात रडायला येतं, पुढे जाऊन गुडघेही टेकतो. चौथ्या दिवशी घरात पुन्हा तेच. खोटं होतं का सगळं?

रडणं खोटं नसतं. अपुरं असतं. मंडपात आपण देवासमोर रडतो, पण ज्याचं आपण वाकडं केलंय तो मंडपात नसतो, तो आकुर्डीला राहतो.

मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या ५व्या अध्यायात येशूनं सांगितलेला क्रम सरळ आहे. वेदीजवळ अर्पण घेऊन आलास आणि भावाच्या मनात तुझ्याविषयी काही आहे हे आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव, आधी जाऊन समेट कर, मग ये. इथे बारकावा असा की ‘तुझ्या मनात भावाविषयी काही असेल’ असं तो म्हणत नाही. ‘भावाच्या मनात तुझ्याविषयी.’ म्हणजे मी कोणाला माफ केलं याचा हिशेब इथे नाही. कोण माझ्यामुळे दुखावलंय, हा प्रश्न आहे.

आमच्या मंडळीतल्या एका बाईंचं गावच्या घराच्या वाटणीवरून जावेशी सहा वर्षं बोलणं बंद होतं. सभेच्या तिन्ही रात्री त्या पुढे आल्या. मी तिसऱ्या रात्री म्हटलं, ‘मावशी, आता पुढे येऊ नका. घरी जा आणि फोन लावा.’ त्या माझ्यावर चांगल्याच रागावल्या. फोन मात्र लावला, पण दिवाळीनंतर, म्हणजे आठ महिन्यांनी. जावेनं दोन वाक्यं बोलून ठेवून दिला. मी त्याला संजीवनाची सुरुवात म्हणतो. वक्त्याला बोलवायला गाडी पाठवली होती, मंडपाचं भाडं वेगळं; आणि सगळ्या सभेतून दिसेल असं फळ हे एवढंच निघालं असेल, तरी खर्च वसूल झाला.

सभा बंद कराव्यात असं माझं म्हणणं नाही. पण तीनऐवजी एकच रात्र ठेवावी आणि दुसऱ्या दिवशी लोकांना समेटासाठी सुट्टी द्यावी, असं मी कमिटीत सुचवलं होतं. ठराव नामंजूर झाला.

६. प्रार्थनेत काहीच वाटत नाही. शब्द छतापर्यंत जाऊन परत येतात. तुम्हाला असं कधी होतं का?

झालंय. २०२१ च्या उन्हाळ्यात कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत मी एकामागून एक दफनविधी केले. काही वेळा कबरेपाशी मी, कामगार आणि मोबाइलवर दिसणारी मुलगी, एवढेच. पाऊस सुरू होईपर्यंत लाट ओसरली, आणि त्यानंतर जवळजवळ वर्षभर मी रविवारी प्रार्थना चालवत होतो पण एकटा असताना एक शब्दही निघत नव्हता. कोणाला सांगितलं नाही. पाळकाचा देव गप्प झालाय हे सांगायचं कोणाला? शेवटी बायकोच म्हणाली, ‘तुम्ही जेवणाआधीची प्रार्थना मुलाला करायला सांगताय, कधीपासून?’

मला दोन गोष्टींनी हात दिला. पहिली, दुसऱ्यांचे शब्द. स्तोत्रसंहितेतलं १३वं स्तोत्र देवाला ‘कोठवर?’ असं पहिल्या दोन वचनांतच चारदा विचारतं. ते रोज मोठ्यानं वाचायचो, बस. आपल्याला काही वाटलं पाहिजे ही अट काढून टाकली. दुसरी, बायबलातल्या एलीया संदेष्ट्याची गोष्ट. तो झाडाखाली पडून मरण मागतो, तेव्हा देवदूत त्याला उपदेश करत नाही. भाकर देतो, पाणी देतो, झोपू देतो. पुन्हा उठवून पुन्हा खायला घालतो. मी दुपारी झोपायला लागलो.

मात्र झोपच उडालीय, भूक गेलीय, जगणं नको वाटतंय, असं दोन-तीन आठवडे चाललं असेल तर तो नुसता आत्मिक कोरडेपणा समजू नका. डॉक्टरांकडे जा, आणि मलाही सांगा. पहिलं आधी. जीव द्यायचे विचार येत असतील तर दोन-तीन आठवडे थांबायचं नाही; त्याच क्षणी घरच्या कोणाला तरी उठवा आणि दवाखाना गाठा. औषधाबद्दल प्रश्न १३ मध्ये लिहिलंय.

७. प्रभुभोजन कोणी घ्यावं? भांडण चालू असेल तर घ्यावं का?

आमच्याकडे बाप्तिस्मा आणि दृढीकरण (समज आल्यावर स्वतः सर्वांसमोर विश्वासाची कबुली देणं) झालेल्यांनी. पाहुण्यांनी पुढे येऊन आशीर्वाद घ्यावा, हात जोडून उभं राहिलं की मी समजतो. येशूचा प्रेषित पौल यानं करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेल्या पत्रात स्वतःची परीक्षा करून मग खायला सांगितलंय; परीक्षा करून घरी बसायला नाही. भांडण मिटवायला निघाला असाल तर या. मिटवायचंच नसेल तर प्रश्न ५ पुन्हा वाचा.

८. लहानपणी बाप्तिस्मा झाला. आता मित्र म्हणतात तो खरा नव्हे, नदीत बुडून पुन्हा घे.

सीएनआयमध्ये बाळाचा बाप्तिस्मा आणि समज आल्यावरचा बाप्तिस्मा दोन्ही मान्य आहेत, कारण एकत्र येताना दोन्ही परंपरेचे लोक होते. एकदा झालेला आम्ही पुन्हा देत नाही. तुमच्या मित्रांना पाण्याची खोली महत्त्वाची वाटते, मला दिलेला शब्द. तो आईबापांनी तुमच्या वतीनं दिला होता. आता स्वतः द्यायचा असेल तर दृढीकरण आहे, ते झालं असेल तर बाप्तिस्म्याच्या वेळच्या वचनांचं नूतनीकरण उपासनेत सर्वांसमोर करता येतं. तरीही मन मानत नसेल तर येऊन बोला. यावर मी कोणाला मंडळीतून काढलेलं नाही.

९. दशांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला, ग्रॉसवर द्यायचा की हातात येणाऱ्या पगारावर?

आयटी पार्कात नोकरी करणाऱ्या मुलांचा हा लाडका प्रश्न. पीएफ धरायचा का, बोनस धरायचा का, असंही विचारतात. पौलाचं उत्तर असं की प्रत्येकानं मनात ठरवलंय तसं द्यावं, कुरकुरत नको आणि जबरदस्तीनं नको. कॅल्क्युलेटर काढावा लागतोय म्हणजे कुरकुर सुरू झालीय. अंगावर कर्ज असेल, घरी आजारपण असेल, तर आधी ते. गरीब विधवेनं जवळच्या दोनच टोल्या, म्हणजे अगदी हलकी नाणी, दान केली ही बायबलातली गोष्ट गरिबांकडून पैसे काढायला वापरणारा वक्ता दिसला तर थैली पुढे सरकवा.

१०. ईस्टरआधीचा उपवासकाळ ४० दिवसांचा म्हणता, मोजले तर ४६ भरतात. आणि ईस्टर दर वर्षी हलतो कसा?

रविवार धरत नाहीत; सहा रविवार वजा करा. ईस्टर, म्हणजे येशूच्या पुनरुत्थानाचा सण, हा २१ मार्चच्या किंवा त्यानंतरच्या पहिल्या पौर्णिमेनंतरचा रविवार. बऱ्याच वर्षी ती पौर्णिमा हनुमान जयंतीचीच असते: २०२३ मध्ये हनुमान जयंती ६ एप्रिलला होती, ईस्टर ९ ला. २०२४ मध्ये मात्र गणित चुकलं आणि ईस्टर तीन आठवड्यांहून जास्त आधी आला.

११. शेजारच्यांनी गणपतीचा प्रसाद आणून दिला. घ्यायचा का?

करिंथकरांस पहिल्या पत्राचे ८ ते १० हे अध्याय नेमके याच प्रश्नावर आहेत आणि पौल एका ओळीत उत्तर देत नाही. मूर्ती काही नाही हे ज्ञान, पण ज्ञानानं माणूस फुगतो. तुमच्या खाण्यानं विश्वासात नवा असलेला कोणी अडखळत असेल तर नको म्हणा. कोणी अडखळत नसेल तर काकूंच्या हातचा मोदक नाकारून तुम्ही कोणाची साक्ष देता, याचा विचार करा. मी काय करतो ते विचारतात, म्हणून सांगतो. मी दोन्ही हातांनी डबा घेतो, आत ठेवतो, आणि नाताळात तोच डबा करंज्या भरून परत करतो. माझे एक वडीलधारे सहकारी अजिबात घेत नाहीत, आणि त्यांचे शेजारीही त्यांना तितकाच मान देतात, कारण ते नाही म्हणताना तोंड वाकडं करत नाहीत.

१२. मुलगी आपल्यातली, मुलगा हिंदू. चर्चमध्ये लग्न लागेल का? त्यानं घाईनं बाप्तिस्मा घेतला तर?

१८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार दोघांपैकी एक जण ख्रिस्ती असला तरी विवाह लावता येतो. पण कायद्याला चालतं ते प्रत्येक मंडळीला चालतंच असं नाही. बिशपांची परवानगी, आधी भेटी, सगळं आलं. सोपा आणि प्रामाणिक रस्ता म्हणजे १९५४ चा विशेष विवाह कायदा. ३० दिवसांची नोटीस, नोंदणी, आणि मग आशीर्वादासाठी आमच्याकडे या.

हॉलची तारीख ठरलीय म्हणून बाप्तिस्मा मी देत नाही. नोकरीसाठी, शाळेतल्या प्रवेशासाठी, कोणी काही देणार आहे म्हणूनही नाही. खरोखर विश्वास ठेवणाऱ्याला मी किमान वर्षभर थांबवतो. तेवढ्यात बरेच जण जातात.

जातीच्या दाखल्याचा प्रश्न इथेच घेतो, कारण तो नेहमी कुजबुजत विचारतात. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंना, १९५६ पासून शिखांना आणि १९९० पासून बौद्धांनाही आहे. ख्रिस्ती माणसाला नाही. अनुसूचित जमातींना धर्माची अट नाही. हा आदेश अन्यायाचा आहे असं माझं मत, कारण बाप्तिस्म्याच्या पाण्यानं गावातली वागणूक बदललेली मी पाहिलेली नाही. पण दाखला एक आणि विश्वास दुसरा, असं लपवून जगायला मी कोणाला शिकवणार नाही. आणि जे तसं जगतात त्यांच्याकडे बोटही दाखवणार नाही. माझ्या मुलांची फी त्या दाखल्यावर अवलंबून नव्हती.

१३. तेल लावून प्रार्थना झाली. आता गोळ्या बंद केल्या तर चालेल ना? चालू ठेवणं म्हणजे अविश्वास नाही का?

बंद करू नका. साखरेच्या, रक्तदाबाच्या, फिटच्या, मनाच्या, कुठल्याच. बायबलातल्या याकोबाच्या पत्रात मंडळीतल्या वडीलधाऱ्यांना बोलावून तेल लावून प्रार्थना करायला सांगितलंय, वैद्याला हाकलायला नाही. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता आणि पौल त्याला ‘प्रिय’ म्हणतो. बरं वाटलं असेल तर तपासणी करून घ्या. देवाचं काम रिपोर्टला घाबरत नाही.

आणि बरं वाटलं नाही, तर ‘तुमच्या घरात काही पाप असेल’ असं सांगणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. जन्मांध माणसाबद्दल शिष्यांनी हेच विचारलं होतं. येशू म्हणाला, यानंही पाप केलं नाही आणि याच्या आईबापांनीही नाही.

१४. खरं सांगू का पाळकसाहेब, तुमच्याशीच पटत नाही. मंडळी बदलू का?

बदला. सभासदत्वाचं पत्र ऑफिसातून घ्या आणि जिथे जाल तिथे द्या, म्हणजे दोन्हीकडच्या वह्या नीट राहतात. दर रविवारी वेगळ्या चर्चमध्ये जाऊन कुठलं गाणं चांगलं याची तुलना करत फिरणं मात्र नको. तशानं तुमच्या घरी मयत झाली तर कोणत्या पाळकाला फोन करायचा हे तुमच्या मुलांना कळणार नाही.

जाण्याआधी एकदा कारण सांगून जा. आजवर दोघांनीच सांगितलं. एकाचं मला पटलं नाही. दुसऱ्यांचं म्हणणं होतं की माझा संदेश पाऊण तास चालतो आणि त्यातली पंचवीस मिनिटं मी तेच तेच बोलतो. मी रेकॉर्डिंग ऐकलं. आता वीस मिनिटांत संपवतो. ते गृहस्थ काही परत आले नाहीत.